फाइलवरचे 'बेल' कोण?

घरात कुणाचं तोंड एका रात्रीत वाकडं झालं असेल, तर त्यांच्या फाइलवर 'बेल्स पाल्सी' हे शब्द तुम्ही वाचले असतील. कुणाची कानाची तपासणी झाली असेल, तर त्या आलेखाच्या कडेला 'डीबी' म्हणजे डेसिबल असं लिहिलेलं असतं. दोन्हीकडे 'बेल' आहे. शंकराला वाहतात त्या बेलाशी त्याचा संबंध नाही आणि दारावरच्या बेलशीही नाही. ते स्कॉटलंडमधलं एक आडनाव आहे. या दोन ठिकाणचे बेल मात्र वेगवेगळे आहेत.

"हा बेल कोण? त्याला हा आजार झाला होता का?" असं पेशंट बऱ्याचदा विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या नावानं आपला आजार ओळखला जातो, तो माणूस कोण हे कळायला हवं. म्हणून आज थोडा इतिहास.

पण ज्यांच्या घरात आत्ता, आजच कुणाचं तोंड वाकडं झालंय, त्यांनी इतिहास नंतर वाचावा. हातापायात कमजोरी, बोलताना अडखळणं, तोल जाणं, अचानक तीव्र डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं यांतलं काहीही सोबत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. थेट मोठ्या रुग्णालयात जा. असं काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणून आधी मालिश, मग शेक, मग कुणीतरी सांगितलेला मंत्र असं करत आठवडा जातो. तो आठवडा किती महाग पडतो, ते पुढे येईलच.

आडनावाविषयी थोडं

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरच्या मुलखात बेल घराणी फार जुनी. सोळाव्या शतकात तिथली अनेक घराणी एकमेकांची गुरं पळवण्यात आणि लुटालूट करण्यात गुंतलेली होती. अशा सीमेवरच्या दांडग्या कुळांची यादी स्कॉटलंडच्या संसदेनं १५८७ मध्ये कायद्यात घातली, त्यात बेल हे नाव आहे. आडनावाचा अर्थ सांगताना एक मत असं, की जुन्या फ्रेंचमध्ये 'बेल' म्हणजे देखणा. चेहरा वाकडा करणाऱ्या आजाराला हे नाव लागावं, हा नशिबाचा खवचटपणाच म्हणायचा.

अठराव्या शतकात एडिनबर्ग हे युरोपातलं वैद्यक शिकण्याचं मोठं केंद्र झालं आणि तिथे बेल आडनावाचे शल्यविशारद एकामागून एक दिसू लागतात. ते सगळे एका घरातले नव्हते. कुलकर्णी नावाचे दहा डॉक्टर एका शहरात असले म्हणजे ते नातेवाईक असतीलच असं नाही, तसंच. किंबहुना त्यांतल्या दोन बेलांमध्ये तर चांगलीच जुंपली होती. बेंजामिन बेल यांचा शस्त्रक्रियेवरचा सहा खंडांचा ग्रंथ त्या काळी गाजलेला होता. त्या ग्रंथाची टर उडवणारं एक पत्रक टोपणनावानं निघालं आणि ते जॉन बेल यांनी लिहिलं असं मानलं जातं. हे जॉन बेल म्हणजे आपल्या 'बेल्स पाल्सी'च्या चार्ल्स बेल यांचे थोरले भाऊ.

चार्ल्स बेल: चेहरा वाचणारा माणूस

चार्ल्स बेल यांचा जन्म १७७४ मध्ये एडिनबर्गला झाला. वडील धर्मगुरू होते आणि चार्ल्स लहान असतानाच वारले. चित्रकलेचा हात उपजत चांगला, आणि शरीररचना शिकवली ती थोरल्या जॉननं. पण जॉन यांचं तिथल्या वैद्यक वर्तुळातल्या बड्या लोकांशी भांडण झालं आणि दोघा भावांना रॉयल इन्फर्मरीचे दरवाजे बंद झाले. १८०४ मध्ये चार्ल्स लंडनला निघून गेले. तिथे फारसं कुणी ओळखत नव्हतं, हाताशी पैसाही बेताचाच.

त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक १८०६ मध्ये आलं ते चित्रकारांसाठी होतं. माणूस रडतो, रागावतो, हसतो तेव्हा चेहऱ्याचे कोणकोणते स्नायू हलतात, हे त्यात स्वतः काढलेल्या चित्रांसह सांगितलं होतं. काही स्नायू परमेश्वरानं खास भावना दाखवण्यासाठी माणसालाच दिले आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे १८७२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी भावनांवरचं आपलं पुस्तक लिहिलं तेव्हा बेल यांच्या निरीक्षणांना दाद दिली, पण ही कल्पना खोडून काढली. ती निरीक्षणं आजही उपयोगी पडतात.

१८०९ मध्ये स्पेनमधल्या कोरुन्नाच्या लढाईतून जखमी सैनिक जहाजांनी इंग्लंडला आणले, तेव्हा बेल त्यांच्यावर उपचार करायला गेले. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाल्याचं कळताच ब्रुसेल्सला धावले. शस्त्रक्रिया केल्या आणि जखमींची चित्रंही काढली. ती चित्रं पाहिलीत तर लक्षात येईल, की जखमेइतकंच त्यांचं लक्ष माणसाच्या तोंडाकडे आहे.

१८२१ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मज्जातंतूंवर निबंध वाचला. आपल्या गोष्टीचा गाभा इथे आहे. चेहऱ्याकडे दोन महत्त्वाच्या नसा जातात, पाचवी आणि सातवी. दोन्ही एकाच भागात पसरलेल्या, त्यामुळे कोणती काय करते याबद्दल गोंधळ होता. गाढवावरच्या प्रयोगात बेल यांनी सातव्या नसेची फांदी कापली, तर त्या बाजूची नाकपुडी आणि ओठ हलायचे थांबले, पण स्पर्श कळत राहिला. पाचवीची फांदी कापली, तर स्पर्श गेला.

तुम्ही म्हणाल, याचा पेशंटला काय उपयोग? ऐका. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणारा एक भयंकर आजार असतो, ट्रायजेमिनल न्युराल्जिया. त्या कळा थांबाव्यात म्हणून तेव्हाचे काही सर्जन चेहऱ्याची नस कापत, आणि कधीकधी सातवी कापत. कळ पाचव्या नसेतून येणारी, त्यामुळे ती जशीच्या तशी राहायची आणि वर तोंड कायमचं वाकडं व्हायचं. कोणती नस कशासाठी, हे ठरल्यावर ही चूक थांबण्याचा मार्ग मोकळा झाला.

बेल यांचं सगळंच बरोबर नव्हतं. पाचव्या नसेच्या एका फांदीला त्यांनी हालचालीचं काम चिकटवलं होतं, ते इतरांनी दुरुस्त केलं. आणि पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नसांबद्दल त्यांचं पॅरिसच्या फ्रांस्वा माझांदी यांच्याशी जे भांडण झालं, त्यात बेल यांची बाजू मला तरी लंगडी वाटते. कण्यातून प्रत्येक नस दोन मुळांनी निघते. पुढचं मूळ हालचालीचं, मागचं संवेदनेचं. १८११ मध्ये बेल यांनी एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापून मित्रांना वाटली होती. पुढचं मूळ डिवचलं की स्नायू आकसतात, हे त्यात होतं. मागचं मूळ संवेदनेचं आहे हे मात्र त्यात नव्हतं. ते प्रयोगानं स्पष्ट दाखवलं माझांदी यांनी, १८२२ मध्ये. त्यानंतर १८२४ मध्ये आपले निबंध पुन्हा छापताना बेल यांनी मजकुरात सोयीचे बदल केले. आज पाठ्यपुस्तकात 'बेल-माझांदी नियम' अशी दोघांची नावं आहेत. क्रम उलटा असता तरी चाललं असतं.

पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, १८३६ मध्ये ते प्राध्यापक होऊन एडिनबर्गला परतले आणि १८४२ मध्ये वारले.

मग आजार त्यांचा कसा?

खरं तर आजार त्यांच्या आधीही माहीत होता. आपल्या आयुर्वेदात 'अर्दित' या नावानं तोंड वाकडं होण्याचं वर्णन आहे. इराणचे अल-राझी यांनी हजार वर्षांपूर्वी त्याबद्दल लिहिलं. १७९८ मध्ये, म्हणजे बेल यांच्या निबंधाच्या दोन दशकं आधी, निकोलाउस फ्रीडराइश या जर्मन डॉक्टरांनी असे पेशंट नीट वर्णन करून ठेवले होते. बेल यांनी तो कोणत्या नसेचा आजार आहे ते दाखवलं आणि नाव त्यांचं लागलं.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. आज कारण सापडत नाही अशाच लकव्याला आपण बेल्स पाल्सी म्हणतो. जखम, गाठ, कानातला जंतुसंसर्ग असं कारण मिळालं, की ते नाव काढून टाकतो. बेल यांनी ज्यांच्या नोंदी केल्या त्यांतल्या काहींच्या नसेला मात्र चक्क इजा झाली होती. एकाला तर बैलानं शिंग मारलं होतं. आजच्या नियमानं त्या पेशंटला बेल्स पाल्सी झाली, असं खुद्द बेल यांनाही म्हणता येणार नाही!

सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली तर फुगायला जागा नसते, ती आवळली जाते आणि संदेश थांबतात. सूज बहुधा नागिणीच्या कुळातल्या विषाणूंमुळे येत असावी, असा अंदाज आहे. मधुमेहात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत धोका जास्त. अर्धा चेहरा लुळा पडतो, पाणी पिताना ओघळतं, डोळा मिटत नाही. जिभेची चव कमी होते. काहींना त्या कानात साधे आवाजही मोठे वाटतात, कारण कानातला एक इवलासा स्नायू याच नसेवर चालतो.

डॉक्टर तुम्हाला कपाळाला आठ्या घालायला का सांगतात? कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. मेंदूच्या एका बाजूला झटका आला तरी दुसरी बाजू कपाळ सांभाळते, म्हणून बहुतेक वेळा झटक्यात तोंड वाकडं होतं पण आठ्या पडतात. नसच आवळली गेली असेल तर आज्ञा कुठूनही येवो, पोचत नाही, आणि अर्धं कपाळ सपाट राहतं. ही तपासणी घरी आरशात करून निदान ठरवू नका, अपवाद असतात. पण डॉक्टर काय बघताहेत ते तुम्हाला कळावं. डोळे मिटायला सांगितल्यावर लुळ्या बाजूचा डोळा वर फिरतो आणि पांढरा भाग दिसतो, घरचे घाबरतात. त्यालाही बेल यांचंच नाव आहे, 'बेल्स फिनॉमेनन'. डोळा मिटताना तो आपल्या बहुतेकांचा फिरतोच, एरवी पापणीआड झाकलेला असतो इतकंच.

आणि आता तो आठवडा. चार्ल्स बेल यांच्याच स्कॉटलंडमध्ये २१व्या शतकात एक मोठी चाचणी झाली. ५५१ पेशंट, सगळ्यांना आजार सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केलेलं. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के. नऊ महिन्यांनी हे आकडे सुमारे ९४ आणि ८२ होते. विषाणूविरोधी गोळीनं मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात. औषध न घेताही बरेच जण बरे होतात, म्हणूनच मंत्र, मालिश आणि कबुतराचं रक्त यांना यश मिळाल्यासारखं वाटतं. पण जे उरतात त्यांच्यात तुम्ही असाल की नाही, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून ते तीन दिवस वाया घालवू नका. मधुमेह असेल तर तसं सांगा, साखर वाढते, डॉक्टर त्याची सोय करतात. आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी पहिल्या दिवसापासून: दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी. तोंड बरं झालं आणि बुबुळाला जखम होऊन नजर अधू राहिली, असं होऊ नये.

जोसेफ बेल: हत्तीपाय आणि टोपी

बेंजामिन बेल यांचे पणतू जोसेफ बेल (१८३७–१९११) एडिनबर्गच्या इन्फर्मरीत सर्जन होते. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मदतनीस म्हणून काम करणारा एक विद्यार्थी पुढे लेखक झाला: आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स बेतला तो जोसेफ बेल यांच्यावर, आणि होम्सच्या कथांचा पहिला संग्रह डॉयल यांनी त्यांनाच अर्पण केला.

डॉयल यांनी सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एक पेशंट आत आला आणि बेल यांनी बघताक्षणी सांगितलं: हा नुकताच सैन्यातून सुटलाय, डोंगराळ भागातल्या स्कॉटिश पलटणीत हुद्देदार होता आणि बार्बाडोसला होता. कसं? माणूस अदबशीर, पण टोपी काढली नाही, सैन्यात काढत नाहीत. सुटून बरेच दिवस झाले असते तर नागरी रीत अंगवळणी पडली असती. वागण्यात अधिकार होता. आणि तक्रार होती हत्तीपायाची. तो वेस्ट इंडीजचा आजार, ब्रिटनचा नव्हे.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी खरा. हत्तीपाय डासांमुळे पसरतो हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन या आणखी एका स्कॉटिश डॉक्टरांनी चीनमध्ये त्या जंतांची पिल्लं डासाच्या पोटात वाढताना पाहिली होती. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात हा आजार आहे आणि तिथे सरकार घरोघरी गोळ्या देतं. त्यामुळे 'गाव कुठलं, काम काय करता, मध्ये कुठे राहिला होतात' असं डॉक्टर विचारतात तेव्हा ती चौकशी गप्पांसाठी नसते. नीट उत्तर द्या.

जोसेफ बेल यांनी परिचारिकांसाठीही पुस्तक लिहिलं आणि ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना अर्पण केलं. होम्सच्या गडबडीत हे कुणाला आठवत नाही.

डेसिबलचे बेल

तिसरे बेल डॉक्टर नव्हते, पण कानाच्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं नाव आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल, जन्म १८४७, तेही एडिनबर्गचेच. आईला जेमतेम ऐकू येई. वडील उच्चार शिकवण्याचे तज्ज्ञ. दोन्ही भाऊ क्षयानं गेले, तेव्हा उरलेल्या एका मुलाला वाचवायला आईवडील १८७० मध्ये त्याला घेऊन कॅनडाला गेले. पुढे अमेरिकेत ते कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. त्यांतल्याच एका विद्यार्थिनीशी, मेबलशी, त्यांनी लग्न केलं. लाल पुरळाच्या तापानं, म्हणजे स्कार्लेट फीव्हरनं, ती लहानपणीच पूर्ण बहिरी झाली होती. १८७६ चं टेलिफोनचं पेटंट सगळ्यांना माहीत आहे. ऐकण्याची शक्ती मोजणारं यंत्रही त्यांनी बनवलं होतं.

१८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधायला बेल यांनी धातू ओळखणारं उपकरण तयार केलं. ते फसलं. गादीतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला आणि डॉक्टरांनी शोधू दिलं फक्त उजव्या बाजूला. गोळी डावीकडे होती.

पण ग्रॅहम बेल यांच्याबद्दल कर्णबधिर समाजात जो राग आहे, तोही सांगायला हवा. मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावं, हातांची भाषा शाळेतून जावी, असा त्यांचा आग्रह होता. १८८३ मध्ये त्यांनी असा निबंध मांडला, की बहिऱ्यांची आपापसात लग्नं होत राहिली तर माणसांची बहिरी जातच तयार होईल. त्यांचा अंदाज चुकला. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. बऱ्याचदा दोघांकडे दोष असलेलं जनुक लपलेलं असतं, मुलात ते एकत्र येतं. म्हणूनच मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या प्रथेत हा धोका वाढतो. ते बहिऱ्यांच्या लग्नांकडे बोट दाखवत होते, तर प्रश्न बव्हंशी ऐकणाऱ्यांच्या घरात दडलेला होता. हातांची भाषा मुलाच्या बोलण्याच्या आड येते, हा समज आपल्याकडे अजून कितीतरी आईवडिलांना सांगितला जातो. मुलाला लहानपणी कोणती तरी एक भाषा पुरेपूर मिळणं महत्त्वाचं आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट करायचं ठरलं, तरी खुणांची भाषा सोबत चालू शकते.

आवाजाच्या एककाला १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या संशोधकांनी त्यांचं नाव दिलं. डेसिबल म्हणजे एका 'बेल'चा दहावा भाग. इंग्रजीत लिहिताना त्यातलं 'बी' अक्षर मोठं काढतात, कारण ते माणसाचं नाव आहे. तुमच्या आलेखावरचं शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येतो तो आवाज म्हणजे शून्य. साधारण २० ते २५ डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू येत असेल तर ऐकणं ठीक समजतात. आलेखावरची रेघ त्याखाली उतरलेली दिसली, तर 'वय झालं' म्हणून कागद कपाटात ठेवू नका. आणि बाळ असेल तर जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच कानाची तपासणी करून घ्या. तिला पाच-दहा मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असतानाच होते, आणि दुखत अजिबात नाही.